बांधणी एका संध्याकाळची, बूट तिसऱ्या आठवड्यात: ठाण्यात दोन जुन्या पीसींवर एल्क्स

वागळे इस्टेटमधलं एक छोटं वर्कशॉप बंद झालं तेव्हा माळ्यावरून दोन संगणक खाली उतरले. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला होता. काट्यावर चढण्याआधी ठाण्यातल्याच एका पदविका महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेने ते मागून घेतले. मागणी साधी होती: ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मुलांनी स्वतः कंपाइल करावा (यंत्राला चालवता येईल असा बनवावा) आणि तीच सिस्टिम या पेट्यांवर चालताना बघावी. त्यासाठी एल्क्स निवडलं. हे लिनक्सचं १६-बिट भावंड १९९०च्या दशकाच्या मध्यात ॲलन कॉक्स यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि हौशी मंडळी ते आजही सांभाळतात. ८०८८ पासून पुढच्या प्रोसेसरवर, ६४० केबी मेमरीत ते चालतं आणि त्याला मेमरी-व्यवस्थापन युनिट लागत नाही.

या प्रकरणात कंपाइलचं काम एका संध्याकाळी आटोपलं. उरलेले जवळजवळ तीन आठवडे गेले ते तयार झालेल्या फाइल जुन्या पेटीच्या आत पोहोचवण्यात. या कामाला हात घालणारे बहुतेक जण हिशेब नेमका उलटा धरतात, म्हणून इथेही वेळ गेला तिथेच जास्त थांबलो आहोत.

दोन पेट्या

पहिली पेटी एक्सटी, म्हणजे आयबीएमच्या पीसी एक्सटीच्या धर्तीची. तिच्यात ८ मेगाहर्ट्झचा ८०८८, ६४० केबी रॅम, ३६० केबीचे दोन सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि मोनोक्रोम कार्ड, हार्ड डिस्क नाही. दुसरी एटी, म्हणजे त्यापुढच्या पीसी एटीच्या धर्तीची. तिच्यात १२ मेगाहर्ट्झचा २८६, १ एमबी रॅम, १.२ एमबीचा एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि ४० एमबीची एमएफएम (तेव्हाच्या जुन्या जोडणीची) हार्ड डिस्क, जिचं चाक फिरतच नव्हतं. दोन्ही पेट्या इथेच जुळवलेल्या, बिननावाच्या. १९८४च्या संगणक धोरणानंतर सुट्या भागांची आयात सोपी झाली आणि अशा असेंबल्ड पेट्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत सर्रास दिसू लागल्या. बंद पडलेल्या डिस्कवर वर्कशॉपचा हिशेब असण्याची शक्यता होती. ती काढून मालकांना परत दिली, उघडून बघितली नाही.

वीज देण्याआधी

दोन्ही पेट्या थेट प्लगमध्ये घातल्या नाहीत. एक्सटीच्या पॉवर सप्लायला मागे ११५/२३० असा सरकता स्विच आहे. तो ११५ वर राहिला आणि आपली २३० व्होल्टची वीज दिली तर आतले मोठे कपॅसिटर फुटतात. तो तपासला आणि २३० वर करून वर सेलोटेप चिकटवली. मग १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पूर्ण पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एक्सटीमध्ये तो पेटलेला राहिला. मदरबोर्डचे प्लग काढल्यावर मंदावला, म्हणजे दोष बोर्डाकडे. १२ व्होल्टच्या रेषेवरचा एक टँटलम कपॅसिटर शॉर्ट निघाला. या जातीच्या कपॅसिटरचं हे जुनंच दुखणं. त्याच्या जागी १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा लावला. १६ व्होल्टचा १२ व्होल्टच्या रेषेवर कागदावर चालतो, पण टँटलमला दुप्पट अंतर दिलेलं बरं.

सप्लाय बोर्डापासून सुटा तपासायचा असेल तर ५ व्होल्टच्या रेषेवर काहीतरी भार लागतो. बिनभाराचे हे जुने सप्लाय सुरूच होत नाहीत आणि माणूस चांगला सप्लाय बाद ठरवतो. बोर्डाकडे जाणारे दोन प्लग परत लावताना काळ्या तारा मधोमध शेजारीशेजारी याव्यात. उलटे बसले तर बोर्ड गेला.

एटीच्या बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी होती आणि ती गळली होती. हा द्राव अल्कलीचा, म्हणून आधी पांढऱ्या व्हिनेगरने पुसला, मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. कीबोर्ड कनेक्टरजवळचे दोन ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) खाल्ले गेले होते. त्यांवर बारीक तार जोडली. नवी बॅटरी म्हणून तीन एए सेलचा खोका तारेने लांब बसवला आणि मध्ये एक डायोड घातला. डायोड विसरला तर बोर्डाचं चार्जिंग सर्किट साध्या अल्कलाइन सेलमध्ये करंट ढकलत राहतं आणि तेही गळतात.

एक्सटी अधूनमधून पॅरिटी एरर (मेमरीत चूक सापडल्याची सूचना) देत होती. सॉकेटमधल्या मेमरी चिप वर्षानुवर्षं तापून-निवून वर सरकतात. सगळ्या अंगठ्याने खाली दाबल्या आणि एरर थांबली. हे आधी करावं. मेमरी बदलायचा विचार त्यानंतर.

कंपाइल

घरच्या लॅपटॉपवर डेबियन जातीचं लिनक्स होतं. आवश्यक पॅकेज: बिल्ड-इसेन्शियल, गिट, फ्लेक्स, बायसन, टेक्सइन्फो, एन-कर्सेसची डेव्हलपमेंट लायब्ररी आणि चाचणीसाठी क्यूईमू (लॅपटॉपच्या आत दुसऱ्या संगणकाचं सोंग उभं करणारा प्रोग्राम). यातलं टेक्सइन्फो विसरायची सवय सगळ्यांना आहे. मग अर्ध्या तासाच्या कंपाइलनंतर ‘मेकइन्फो सापडला नाही’ अशी तक्रार येते आणि वेळ वाया जातो.

सोर्स उतरवून बिल्ड.एसएच ही स्क्रिप्ट चालवली की ती आधी जीसीसी-आयए१६ हा क्रॉस-कंपायलर (एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी कोड बनवणारा) बांधते. तो जीसीसी ६.३ वर आधारलेला आहे. आजचे मुख्य कंपायलर ८०८६ साठी १६-बिट कोड नीट बनवत नाहीत, म्हणून ही खटपट. एल्क्स स्वतः काही मिनिटांत कंपाइल होतं; संध्याकाळ जाते ती या कंपायलरच्या बांधणीत. इथे चार गोष्टी नडतात. डिस्कवर किमान १५-२० जीबी मोकळी ठेवावी. फोल्डरच्या नावात जागा नको, ‘नवीन फोल्डर’ असं नाव असेल तर मेकफाइल मधेच अडखळते. विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये करत असाल तर सोर्स लिनक्सच्याच फाइल सिस्टिममध्ये ठेवावा, सी ड्राइव्हवर नाही. तिथे वेग मरतो आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही पुसला जातो. आणि २ जीबी रॅमच्या यंत्रात समांतर कामांची संख्या वाढवली तर लॅपटॉपच्या लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच ठार करतो. स्क्रीनवर नुसतं ‘किल्ड’ दिसतं आणि लोक दोष सोर्समध्ये शोधत बसतात.

कंपायलर एकदा तयार झाला की पुन्हा बांधावा लागत नाही. पण नव्या टर्मिनलमध्ये एन्व्ह.एसएच ही स्क्रिप्ट आधी ‘सोर्स’ या कमांडने चालवावी लागते, नाहीतर आयए१६चा कंपायलर सापडतच नाही. त्यानंतर मेक मेन्यूकॉन्फिग, मग मेक.

मेन्यूत करायचं थोडंच आहे. प्रोसेसर सर्वात खालचा, ८०८६ धरावा, दोन्ही पेट्यांसाठी. २८६च्या सूचना वापरून बांधलेला कर्नल एक्सटीवर गेला तर ८०८८ ‘अवैध सूचना’ असा आक्षेपसुद्धा घेत नाही, कारण त्या चिपमध्ये तशी सोयच नाही. ती काहीतरी भलतंच करत पुढे जाते आणि पेटी गोठते. वेगातला फरक इतका लहान आहे की त्यासाठी दोन कर्नल सांभाळण्यात अर्थ नाही.

इमेजचा, म्हणजे फ्लॉपीवर जशीच्या तशी उतरवायच्या फाइलचा, आकार मात्र विचार करून ठरवावा. एक्सटीला ३६० केबी, म्हणजे ४० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), २ बाजू, ट्रॅकला ९ सेक्टर (त्याचे तुकडे), सेक्टरला ५१२ बाइट: एकूण ३,६८,६४० बाइट. एटीच्या बायोसमध्ये, म्हणजे पेटी सुरू होताच चालणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, १.४४ एमबीचा पर्यायच नव्हता (तो ड्राइव्ह १९८७ नंतर रुळला), म्हणून तिला १.२ एमबीची इमेज: ८० ट्रॅक, २ बाजू, १५ सेक्टर, १२,२८,८०० बाइट. कोणता प्रोग्राम कोणत्या आकाराच्या इमेजमध्ये जाईल हे कमांडच्या फोल्डरमधल्या ॲप्लिकेशन्स नावाच्या यादीत आकारांच्या खुणांनी ठरतं. ३६० केबीत नेटवर्कचे प्रोग्राम कोंबायचा मोह आवरावा. शेल, संपादक, फाइलींच्या नेहमीच्या कमांड आणि डीडी (डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवणारी कमांड) एवढं पुरतं. डीडी का, ते पुढे कळेल.

दोन्ही इमेज क्यूईमूमध्ये चालल्या. सगळ्यांना वाटलं काम संपलं.

फ्लॉपीचा तिढा

आजच्या लॅपटॉपला सव्वापाच इंची ड्राइव्ह थेट जोडता येत नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात ते साडेतीन इंची. म्हणून गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या इमेजला फ्लॉपी असल्याचं सोंग देणारी डबी, मागवली आणि तिच्यात फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर टाकलं. एटीत ती ‘ए’ म्हणून आणि मूळचा १.२ एमबी ड्राइव्ह ‘बी’ म्हणून लावला. पीसीच्या फ्लॉपी केबलमध्ये टोकाच्या कनेक्टरआधी सात तारांचा पीळ असतो. त्यामुळे पीसीतले सगळे ड्राइव्ह १२ क्रमांकाच्या पिनवर कान देणारेच ठेवतात आणि ए-बीचा निवाडा पीळ करतो. गोटेकवरचा जंपर एस१ वर ठेवायचा तो यासाठी. एस० वर ठेवला तर तो १० क्रमांकाची पिन ऐकतो, आणि पीसीत ती ड्राइव्ह निवडायची पिनच नव्हे. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सुरू होतो तो विझतच नाही. ही खूण लक्षात ठेवावी. लाल कड पिन १ कडे.

एटी १.२ एमबीच्या इमेजवरून पहिल्याच प्रयत्नात उठली. एक्सटीत मात्र तीच गोटेक लागेना. तिच्या केबलला जुन्या ड्राइव्हसाठी चपटे, कडेला सरकणारे कनेक्टर होते आणि गोटेकला पिना. मग शॉर्टकट सुचला: एटीत गोटेकवरून डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची आणि रॉराइट या प्रोग्रामने ३६० केबीची इमेज ‘बी’ ड्राइव्हमधल्या खऱ्या फ्लॉपीवर लिहायची. तीच फ्लॉपी मग एक्सटीत.

एटीवर लिहिलेल्या फ्लॉप्या एटीवर अगदी स्वच्छ वाचल्या जात होत्या. एक्सटी त्या घेत नव्हती. कधी पहिल्याच सेक्टरला, कधी कर्नल अर्धा आल्यावर. आठ फ्लॉप्या, एकच निकाल. संशय एक्सटीच्या ड्राइव्हवर गेला, हेड साफ झाले, गतीही तपासली. ड्राइव्ह निर्दोष होता.

कारण ट्रॅकच्या रुंदीत आहे. ३६० केबीच्या ड्राइव्हचे ट्रॅक इंचाला ४८, एकेक साधारण ०.३३ मिलिमीटर रुंद. १.२ एमबीच्या ड्राइव्हचे इंचाला ९६, रुंदी साधारण ०.१६. हा ड्राइव्ह ३६० केबीची फ्लॉपी लिहितो तेव्हा एक ट्रॅक सोडून एक लिहितो, पण रेघ मात्र अर्ध्याच रुंदीची ओढतो. फ्लॉपी पूर्वी ३६० केबी ड्राइव्हवर फॉरमॅट झालेली असेल तर त्या बारीक रेघेच्या बाजूला जुनी चुंबकीय खरड शिल्लक राहते. १.२ एमबीचं हेड बारीक, त्याला फक्त नवी रेघ दिसते. एक्सटीचं रुंद हेड नवी रेघ आणि जुनी खरड एकत्र वाचतं. रस्त्यावर नवा पांढरा पट्टा मारला पण जुना नीट पुसला नाही, की रात्री गाडीवाल्याची जी गत होते तीच.

कधीच न वापरलेल्या किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेल्या फ्लॉपीवर हा उपाय चालू शकतो, पण खात्री नाही. १.२ एमबीच्या फ्लॉप्या ३६० केबी म्हणून वापरणं तर सोडूनच द्यावं. त्यांच्या थराला सुमारे ६०० ओर्स्टेड (चुंबकीय जोराचं माप) लागतात, ३६० केबीच्या फ्लॉपीला सुमारे ३००. ३६० केबीचा ड्राइव्ह त्यावर धड लिहू शकत नाही.

उपाय शेवटी लॅमिंग्टन रोडवर मिळाला: ३४ पिनांचा एफआरसी (चपट्या केबलवर दाबून बसवायचा) कनेक्टर. एक्सटीच्या केबलवर पिळाच्या पुढे, जुन्या कनेक्टरपासून दोन इंचांवर, तो शिकंज्यात दाबून बसवला. हातोडीने ठोकू नये. एक बाजू आधी बसते आणि दोन तारा एकाच दातात अडकतात. गोटेकला वीज लागते ती लहान चार पिनांच्या प्लगची आणि एक्सटीच्या सप्लायला आहेत मोठे मोलेक्स, म्हणून मध्ये ॲडॅप्टर. लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२. गोटेक फक्त ५ वर चालते; अदलाबदल झाली की ती गेली. स्वस्त ॲडॅप्टर मल्टिमीटर लावल्याशिवाय वापरू नयेत.

आता एक्सटीत गोटेक ‘ए’ आणि मूळचा एक ड्राइव्ह ‘बी’. एल्क्स उठलं. खऱ्या फ्लॉपीवरून बूट करायची हौसही इथेच भागली. आधी डॉसमधून ‘बी’ मध्ये फ्लॉपी फॉरमॅट केली, मग गोटेकवरून एल्क्स सुरू करून सिंक दिलं (मेमरीत थांबलेलं लिखाण डिस्कवर उतरवलं) आणि डीडीने एफडी० (‘ए’) वरून एफडी१ (‘बी’) वर १,०२४ बाइटचे ३६० ब्लॉक उतरवले. लिहिणारं हेड आता एक्सटीचंच, रुंद, त्यामुळे रेघही पूर्ण रुंदीची. नक्कल चालू फाइल सिस्टिमची असल्यामुळे पहिल्या बूटला फाइल सिस्टिम तपासून घ्या अशी सूचना येऊ शकते. घाबरायचं कारण नाही.

जाता जाता एक. माळ्यावर सापडलेल्या पन्नासेक फ्लॉप्यांपैकी बऱ्याच जणींवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. ठाण्याचा पावसाळा कागदाच्या पाकिटातल्या चकतीला सोडत नाही. अशी एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचा थर खरवडते. खिडकीतून चकती थोडी थोडी फिरवून दोन्ही बाजू बघाव्यात. चांगल्या निघालेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह.

कार्डाची भूमिती

एटीवर कायमची स्थापना करायची तर हार्ड डिस्क हवी. एमएफएमच्या जागी आयडीई (त्यानंतरची डिस्क-जोडणी) मल्टी-आयओ कार्ड, त्याला कॉम्पॅक्टफ्लॅशचा (मेमरी कार्डाचा एक प्रकार) ॲडॅप्टर आणि १२८ एमबीचं जुनं कार्ड लावलं. १९८०च्या दशकातल्या एटी बायोसला ड्राइव्हचे ठरावीक प्रकारच माहीत. त्यांत हे कार्ड बसत नाही. म्हणून एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा मुक्त बायोस २८सी६४ या ८ केबीच्या चिपमध्ये लिहून नेटवर्क कार्डाच्या बूट-रॉम सॉकेटमध्ये बसवला. त्याच्या एटीसाठीच्या आवृत्तीची फाइल घ्यावी, आधी त्याच्याच कॉन्फिगरेशन प्रोग्राममधून उघडून सेव्ह करावी, म्हणजे चेकसम बरोबर बसतं. सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली नाही तर मदरबोर्डचा बायोस ही रॉम सरळ सोडून देतो.

पहिल्यांदा ती दिसलीच नाही. चिप ठीक होती. आरटीएल८०१९एएस या चिपच्या नेटवर्क कार्डावर बूट-रॉमची खिडकीच बंद होती. ही कार्डं बिनजंपरची असतात, डॉसमधल्या सेटअप प्रोग्रामने रॉमचा पत्ता डी००० आणि आकार १६ केबी निवडावा लागतो. तिथेच आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती तार) १० आणि पोर्ट (कार्डाचा पत्ता) हेक्स ३०० ठेवलं. कार्ड लांब, १६-बिट स्लॉटमध्येच हवं. लहान स्लॉटमध्ये आयआरक्यू १० ची तारच नाही. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये हार्ड डिस्क ‘नाही’ अशीच नोंदवली. तिथे काही प्रकार भरला तर मूळ बायोस आणि नवा बायोस दोघंही त्याच ड्राइव्हमागे लागतात.

आता मुख्य अडचण. एल्क्सच्या बांधणीत हार्ड डिस्कची तयार इमेजही बनते. ती लॅपटॉपवर डीडीने कार्डावर उतरवली. क्यूईमूमध्ये तेच कार्ड दाखवलं तर झकास बूट. एटीत मात्र नुसता लुकलुकता कर्सर.

तयार इमेजची भूमिती, म्हणजे सिलिंडर, हेड आणि ट्रॅकला सेक्टर किती याचा हिशेब, १६ हेड आणि ट्रॅकला ६३ सेक्टर अशी धरलेली. हे १२८ एमबीचं कार्ड स्वतःची ओळख ९८० सिलिंडर, ८ हेड, ३२ सेक्टर अशी करून देतं, आणि सिलिंडर १,०२४ च्या आत असल्यामुळे नवा बायोस तीच भूमिती जशीच्या तशी स्वीकारतो. आता पार्टिशन (डिस्कचा वापरायचा भाग) सुरू होतं शून्य सिलिंडर, १ हेड, १ सेक्टर इथून. सेक्टरचा क्रमांक काढायची रीत अशी: सिलिंडरला हेडच्या संख्येने गुणायचं, त्यात हेड मिळवायचं, आलेल्याला ट्रॅकच्या सेक्टरांनी गुणायचं आणि सेक्टरमधून एक वजा करून मिळवायचं. १६/६३ मध्ये हा पत्ता म्हणजे सेक्टर ६३. ८/३२ मध्ये तोच पत्ता म्हणजे सेक्टर ३२. डिस्कवर बूट सेक्टर बसलाय ६३ वर, बायोस बघतोय ३२ वर, आणि तिथे नुसती शून्यं. सेक्टर ६३ ला या पेटीत गाठायचं तर शून्य सिलिंडर, १ हेड, ३२ सेक्टर असं म्हणायला हवं होतं.

पार्टिशन टेबल हाताने दुरुस्त करून भागत नाही. एल्क्सच्या बूट सेक्टरमध्येही ट्रॅकचे सेक्टर आणि हेडची संख्या कोरलेली असते. तो त्याच आकड्यांनी कर्नल शोधतो. दोन्ही ठिकाणं जुळायला हवीत. क्यूईमू आपली भूमिती त्या इमेजला जुळती धरतो, म्हणून तिथली चाचणी खोटा दिलासा देते.

सरळ मार्ग एकच: कार्ड ज्या पेटीत चालायचं तिथेच तयार करायचं.

एटी गोटेकवरून एल्क्समध्ये सुरू केली. रूट म्हणून आत गेल्यावर एफडिस्क या कमांडने एचडीए, म्हणजे हे कार्ड, उघडलं, जुनं पार्टिशन काढलं आणि सिलिंडर ० ते २४९ असं नवं पार्टिशन घातलं, प्रकार मिनिक्सचा (हेक्स ८०), आणि त्याला सक्रिय केलं. सक्रियची खूण करायची राहून गेली तर एमबीआर (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला, बूटची सुरुवात करणारा कोड) पुढे जात नाही. ८ गुणिले ३२ म्हणजे सिलिंडरला २५६ सेक्टर. २५० सिलिंडरचे ६४,०००. त्यातला पहिला ट्रॅक, ३२ सेक्टर, एमबीआरसाठी सोडायचा, उरले ६३,९६८. एल्क्सच्या मिनिक्स फाइल सिस्टिमचा ब्लॉक १ केबीचा, म्हणून निम्मे: ३१,९८४. रीबूट करून एमकेएफएसला (फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) एचडीए१, म्हणजे हे पहिलं पार्टिशन, आणि हाच आकडा दिला. आकडा अंदाजाने मोठा दिला तर फाइल सिस्टिम पार्टिशनबाहेर सांडते, आणि हे लगेच कळत नाही, डिस्क भरत आली की कळतं. कार्ड १२८ एमबीचं असूनही सगळं वापरलं नाही, कारण मिनिक्सच्या या पहिल्या पिढीची कमाल मर्यादा ६४ एमबीच्या आसपास आहे आणि एल्क्सला ३१ एमबीसुद्धा ओसंडून पुरतात.

शेवटी सिस ही कमांड, मोठ्या एमच्या पर्यायासह, एचडीए१ वर. ती फाइल उतरवते, बूट सेक्टर लिहिते आणि एमबीआरही घालते. भूमिती ती चालू बायोसला विचारून घेते. गोटेक काढली, पेटी बंद-चालू केली. लॉगिनची ओळ आली.

हेच कार्ड दुसऱ्या पेटीत किंवा दुसऱ्या बायोसखाली नेलं तर पुन्हा चालेलच असं नाही. कार्डावर पेनाने ‘९८०/८/३२’ लिहून ठेवलं.

सिरीयल आणि नेटवर्क

एक्सटीच्या मॉनिटरवर वर्गातल्या मागच्या बाकाला काही दिसत नाही, म्हणून सिरीयल कन्सोल काढून प्रोजेक्टरच्या लॅपटॉपवर दाखवायचं ठरलं. एक्सटीला २५ पिनांचं पोर्ट, लॅपटॉपच्या यूएसबी-सिरीयलला ९ पिनांचं. इथे गंमत अशी की २ ला २, ३ ला ३ आणि ७ ला ५ जोडायचं. आकडे सरळ दिसतात, पण २५ पिनांत २ वरून पाठवतात आणि ९ पिनांत २ वर घेतात, म्हणजे क्रॉस आपोआप होतो. बाजारातली ‘नल मोडेम’ केबल आणि वर क्रॉस ॲडॅप्टर दोन्ही लावले की दोनदा क्रॉस होऊन परत सरळ. एकदा तेच झालं. एल्क्स सुरू होतानाचे पर्याय ज्यात असतात त्या बूटऑप्ट्स फाइलमध्ये कन्सोल टीटीवायएस० (पहिलं सिरीयल पोर्ट), वेग ९,६०० असा ठेवला. पोर्टातली चिप ८२५०, तिला फिफो (आलेली अक्षरं क्षणभर साठवायची जागा) नाही, जास्त वेगाला ८ मेगाहर्ट्झचा ८०८८ अक्षरं गाळतो. बूटऑप्ट्सची पहिली ओळ बदलू नये आणि फाइल लहान ठेवावी, ती १ केबीच्या आतच वाचली जाते. लांबलचक टिपा लिहिल्या की खालचे पर्याय गुपचूप गळतात.

एटीच्या नेटवर्कला त्याच फाइलमध्ये एक ओळ लागली: एनई० (एल्क्समधलं या नेटवर्क कार्डाचं नाव) बरोबर आयआरक्यू १० आणि पोर्ट हेक्स ३००. न सांगितलं तर एल्क्स आयआरक्यू १२ धरतं, जे क्यूईमूला सोयीचं आहे. चुकीच्या आयआरक्यूवर कार्ड सापडलं असं स्क्रीनवर येतं, पण पिंग जात नाही, आणि लोक केबल बदलत बसतात. कार्ड १० मेगाबिटचं, प्रयोगशाळेच्या साध्या स्विचने ते निमूट स्वीकारलं. एल्क्सचा छोटा वेब सर्व्हर चालू करून मुलांच्या फोनवर २८६ वरून आलेलं पान उघडलं. वर्गात सर्वात जास्त गलका त्याचाच झाला, जरी मेहनतीच्या हिशेबात तो अर्ध्या तासाचा भाग.

पुन्हा करताना

हे काम पुन्हा करायचं झालं तर क्रम उलटा लावावा: आधी पेटीतलं ड्राइव्ह, केबल, बायोस आणि कार्डाची भूमिती कागदावर उतरवायची, मग इमेजचा आकार ठरवायचा, कंपाइल शेवटी. खर्चाचा मोठा वाटा गोटेकचा आणि जुन्या आयडीई कार्डाचा. एफआरसी कनेक्टर, टँटलम, सेलचा खोका हे किरकोळ. २८सी६४ लिहायला प्रोग्रामर लागतो. तो इथे प्रयोगशाळेतच होता, नसेल तर ही बाब आधी बघावी. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात टीव्हीच्या मेमरी चिप लिहिणारे काही जण २८ पिनांची चिपही लिहून देतात, फाइल आणि चिपचा नंबर मात्र आपण नेमका द्यायचा.

एक्सटीला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावलेलं नाही. लावायचं ठरलं तर ८-बिटचं एक्सटीआयडीई कार्ड लागेल आणि त्याचं नेहमीचं पोर्ट हेक्स ३०० आहे. म्हणजे पुढेमागे तिला नेटवर्क कार्ड बसवलं तर दोघांपैकी एकाला पत्ता बदलावा लागेल. तोपर्यंत एक्सटीच्या गोटेकवर चिकटवलेल्या चिठ्ठीत तीन ओळी आहेत: ० डॉस, १ एल्क्स ३६०, २ कोरी. एटीच्या पेटीवर कार्डाची भूमिती, आयआरक्यू १०, पोर्ट ३००, रॉम डी०००, आणि एए सेल बदलल्याची तारीख.